बाजूला व्हायची रीत

ते साल २०१९. त्या वर्षी वसंतात आमची जुनी लाल गाडी सरकारी तपासणीत नापास झाली. तपासणाऱ्या पोराने खालून स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो गंजलेल्या पत्र्यातून आरपार वर निघाला. माझी थोरली बहीण ब्रीज शेजारीच उभी होती. ती त्याला म्हणाली, "हळू रे बाबा, तिथे माझी बहीण बसते."

ती बहीण म्हणजे मी, ऊना. मी कधी गाडी शिकले नाही. घरात एक चालवणारी आणि एक बोलणारी असली की पुरतं, असं ब्रीज म्हणायची. आम्ही दोघी आयर्लंडच्या मेयो परगण्यात नॉकरो गावी, आईवडिलांच्याच घरात राहत होतो. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. गावातलं दुकान बंद झालं, मग पोस्ट गेलं, मग डॉक्टरही तालुक्याला कॅसलबारला निघून गेला. ब्रीज चौऱ्याहत्तरची होती. तिच्या हातात लायसन होतं तोवर ते घर आमचं होतं. लायसन गेलं असतं तर आम्हा दोघींना वृद्धाश्रमात जावं लागलं असतं, हे आम्हाला ठाऊक होतं आणि आमच्या भाच्यालाही.

भाचा म्हणजे आमच्या थोरल्या भावाचा मुलगा, एन्डा. डब्लिनमध्ये विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. त्याने नवी करडी गाडी आणून दारात लावली आणि किल्ली ब्रीजच्या हातात दिली. किल्ली कसली, साबणाची वडीच ती.

"ब्रीज आत्या, ही गाडी स्वतःच रस्त्याच्या रेषा बघते. काचेमागे कॅमेरा आहे. तू जरा भरकटलीस की हलकेच स्टिअरिंग फिरवून तुला जागेवर आणते. झोप लागली तरी सरळ जाशील."

"मला झोपायचं असेल तर घरात खाट आहे."

"अगं, सुरक्षेसाठी आहे ते."

"कोणाच्या? तुझ्या? म्हणजे तुला तिकडे निवांत झोप लागावी!"

एन्डा हसला, पण ते त्याला झोंबलं. त्या दोघांचं तेव्हापासून जे बिनसलं ते बिनसलंच.

आमच्या वडिलांची एक काळी गाडी होती. पुढच्या चाकाचा सांधा झिजल्यामुळे ती डावीकडे ओढायची. वडील स्टिअरिंग कायम जरासं उजवीकडे धरून चालवायचे, हट्टी गाढवाचा कासरा धरावा तसं. पण ते ओढणं प्रामाणिक होतं. रोज तेवढंच आणि त्याच बाजूला. त्यांच्या मांडीवर बसून ब्रीज गाडी शिकली ती त्या ओढीसकट. पुढे दुसऱ्यांच्या सरळ गाड्या चालवायला बसली की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

या करड्या गाडीचं तसं नव्हतं. आमच्या घराकडच्या अरुंद वाटेला रेषाच नाहीत, तिथे ती गरीब मेंढरासारखी चालायची. मोठ्या रस्त्याला लागलं की मात्र मधेच स्टिअरिंग ब्रीजच्या हातात वळवळायचं. कधी डांबराची जुनी भेग पावसाने चकाकायची आणि गाडीला तीच रेष वाटायची. कधी काहीच कारण दिसायचं नाही. ब्रीज तिला मागे ओढायची, आणि मग समोरच्या पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र उमटायचं: तुम्ही थकला आहात, विश्रांती घ्या.

"कप दाखवते मेली," ब्रीज म्हणायची. "कधी पाजत तर नाही."

तिने एन्डाला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, गाडी भरकटत नाही. तू भरकटतेस, ती सुधारते."

"पन्नास वर्षांत कोणी मला सुधारलं नव्हतं."

"तेच तर म्हणतोय मी."

तिने फोन आपटला. गॅरेजवाल्यांनी गाडीला वायर लावून कॉम्प्युटरवर पाहिलं आणि दोष नाही म्हणून सांगितलं.

आता मॅलकी डर्कनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मॅलकी आमचा शेजारी, ब्रीजच्याच वर्गातला. दलदलीतली माती वाळवून आमच्याकडे चुलीत जाळतात; ती काढायला जी वाट जाते, तिच्यावर शहात्तरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या बापाने फाटक लावून कुलूप ठोकलं. आमच्या वडिलांनी ते करवतीने कापलं. प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. एकमेकांच्या मयतीला तेवढं जायचं, हात मिळवायचा, "वाईट झालं" म्हणायचं आणि परतायचं.

पण रस्त्यावर वैर चालत नसे. आमच्याकडे मोठ्या रस्त्याच्या कडेला पिवळी तुटक रेष असते आणि तिच्यापलीकडे एक गाडी मावेल एवढी पट्टी. मागून कोणी घाईचा आला की पुढच्याने मुकाट्याने डावीकडे त्या पट्टीवर सरकायचं. मागचा पुढे निघतो आणि दिवे लुकलुकवून आभार मानतो. इंडिकेटर कोणी देत नाही. दिला तर मागच्याला वाटतं हा आता कोणाच्या तरी फाटकात वळणार, आणि तो ब्रेक दाबतो. सरकणं हीच खूण. जो सरकत नाही त्याच्या आईबापांचा उद्धार होतो. मयतीखेरीज मॅलकी ब्रीजशी चाळीस वर्षं एक शब्द बोलला नव्हता, पण तिच्यासाठी तो दर वेळी बाजूला झाला होता, आणि ती त्याच्यासाठी.

जुलैत एका सकाळी आम्ही कॅसलबारला निघालो होतो. मागून मॅलकीची जीप आली, मागे जनावरांची ट्रॉली जोडलेली. तो गुरांच्या बाजाराला चालला होता. ब्रीजने आरशात पाहिलं आणि नेहमीसारखी डावीकडे सरकली. मॅलकी उजवीकडून पुढे यायला लागला. आमची डावी चाकं पिवळ्या रेषेवर गेली मात्र, आणि स्टिअरिंगने उसळी घेतली. गाडी उजवीकडे वळली, जीपच्या अंगावर. ब्रीजने दोन्ही हातांनी ओढून धरलं. तोवर आमचा आरसा ट्रॉलीवर फुटला होता, आणि मॅलकी आम्हाला चुकवायला पलीकडच्या बांधावर चढला होता. ट्रॉली कलंडली नाही, पण आतल्या एका गोऱ्ह्याचा पाय मोडला.

मॅलकी उतरला आणि आमच्या काचेवर मूठ आपटली. मयतीबाहेरचे त्याचे चाळीस वर्षांतले पहिले शब्द होते, "अगं ए चेटकिणी! बाजूला होतेस आणि परत अंगावर येतेस?"

"मी नाही आले. स्टिअरिंग फिरलं."

"आपोआप? भूत बसलंय का आत?"

"कॅमेरा बसलाय."

"तुझ्या बापाने कुलूप कापलं तेव्हाही म्हणाला होता, आपोआप तुटलं!"

हे मात्र खरं होतं. वडील कोर्टात तसंच म्हणाले होते.

गुरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. तो गोऱ्हा त्याने रस्त्याच्या कडेलाच संपवला. मॅलकी टोपी काढून उभा होता. त्याचं आमच्याबद्दल काय मत होतं ते मला तेव्हा गाडीत बसूनही दिसत होतं, आणि त्या दिवसापुरता तरी तो चुकत नव्हता.

मॅलकीने सार्जंटकडे तक्रार केली: मुद्दाम केलं असेल तर गुन्हा आहे, आणि मुद्दाम केलं नसेल तर बाई चळलेली आहे, दोन्हीपैकी काहीही धरा. सार्जंटने डॉक्टरला कळवलं. सत्तरीनंतर लायसन नवं करायला डॉक्टरचा शेरा लागायचाच, आणि ब्रीजचं लायसन नेमकं त्या शरदात संपत होतं. डॉक्टरने डोळे तपासले, गुडघे तपासले, राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारलं. ब्रीज म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी कोण आहे ते त्याला माहीत आहे का विचारा." डॉक्टर हसला, पण शेरा दिला नाही. गॉलवेहून परीक्षक येईल, शेजारी बसून पाहील, मग ठरवू, म्हणाला.

एन्डा त्या आठवड्यात डब्लिनहून आला. वृद्धाश्रमाची रंगीत पुस्तिका त्याने आणली होती. ब्रीजने ती चुलीत घातली.

"आत्या, उद्या कोणाचा जीव गेला तर?"

"ती गाडी तू आणलीस!"

"मी रोज अशीच गाडी चालवतो. मला कधी ओढत नाही ती."

"तू कधी कोणासाठी बाजूला होतोस का?"

एन्डाला प्रश्नच कळला नाही. तो महामार्गावरचा माणूस. तिथे ज्याने त्याने आपल्या रेषांमध्ये राहायचं, दुसऱ्याने आपल्या. अशा माणसाशी गाडीचं भांडण व्हायचं कारणच नव्हतं. तिने समजावलं तेव्हा त्याने गाडीचं पुस्तक काढलं आणि वाचून सांगितलं की डाव्या हाताला एक बटण आहे, ते दाबलं की हे ओढणं बंद होतं. मात्र गाडी पुन्हा सुरू केली की तेही सुरू होतं, दर वेळी दाबावं लागतं. "पण परीक्षकासमोर दाबू नकोस," तो म्हणाला. "तो लिहील, म्हातारी सुरक्षा बंद करून हिंडते. संपलं मग."

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकात गाव जमलेलं असताना ब्रीज सरळ मॅलकीसमोर जाऊन उभी राहिली.

"मी चळले म्हणतोस ना? मग तू चालवून बघ. आत्ता."

"तुझ्या गाडीत? त्यापेक्षा वळूच्या गोठ्यात बसेन."

"घाबरलास का?"

मागून कोणीतरी हसलं. मॅलकीने हात पुढे केला आणि साबणाची वडी हिसकावली.

ब्रीज त्याच्या शेजारी बसली, मी मागे. मोठ्या रस्त्यावर तो ताठ बसून चालवत होता. थोड्या वेळाने मागून एक व्हॅन आली. मॅलकीने विचारसुद्धा केला नाही. आयुष्यभराची सवय, तो डावीकडे सरकला. स्टिअरिंगने झटका दिला. मी मागून पाहत होते: त्याचे खांदे उचलले गेले, मान लाल झाली, आणि येशूची आई त्याच्या तोंडून अशा शब्दासोबत निघाली की मी इथे तो लिहीत नाही. व्हॅन केसभर अंतराने सुटली.

ब्रीज अगदी हळू म्हणाली, "काय झालं, मॅलकी?"

"काही नाही."

"कळलं ना आता?"

पडद्यावर कॉफीचा कप उमटला. तो त्याने पाहिला.

आम्ही परत आलो तेव्हा गाव तिथेच थांबलं होतं. मॅलकी उतरला, वडी टपावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी सुतासारखी सरळ आहे. चालवणारीच वाकडी आहे."

"खोटं!" मी ओरडले. "मी मागे होते. याला आवरता आली नाही!"

"बहीण दुसरं काय म्हणणार," कोणीतरी म्हणालं, आणि लोक आपापल्या गाड्यांकडे निघाले. मॅलकीची बायको कार्मेल तेवढी खाली बघत उभी राहिली.

आम्ही घरी आलो. मग कोट काढता काढता ब्रीज म्हणाली, "मला वाटलं होतं त्याला त्याचा गोऱ्हा आठवेल आणि तो कशामुळे गेला ते कळेल. आठवला, पण निराळ्या तऱ्हेने."

परीक्षक आला तो सप्टेंबरात. हेशन नावाचा, बारीक, सभ्य माणूस. ब्रीजने त्याला विचारलं, माझ्या बहिणीला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, बस काही आज नाही, ती मागे बसली तर चालेल का. तो म्हणाला, बोलणार नसतील तर चालेल. ब्रीज म्हणाली, "ते तुम्ही तिलाच विचारा." मी कबूल केलं.

परीक्षेचा दिवस साऱ्या गावाला ठाऊक होता. आम्ही डर्कनच्या फाटकापुढून गेलो आणि मोठ्या रस्त्याला लागलो, तोच मागून जीप आली. या वेळी ट्रॉली नव्हती, बाजारही नव्हता. मॅलकी एकटा होता आणि अगदी खेटून चालला होता. त्याने दिवे लुकलुकवले. वाट दे.

मला त्या क्षणी सगळं उमगलं. ही गाडी बाजूला होताना काय करते ते गावात आमच्याखेरीज फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि ते ओळखूनच तो आला होता. ब्रीज सरकली असती तर गाडीने तिला परीक्षकादेखत त्याच्या अंगावर फेकलं असतं. ते बटण दाबलं नव्हतं. इंडिकेटर दिला तर गाडी ओढत नाही हेही तोवर आम्हाला कळलं होतं, पण मागून एवढा खेटलेला माणूस काय समजला असता, आणि परीक्षक काय समजला असता?

मॅलकीने हॉर्न दाबला. ब्रीजचं डावं कोपर खाली आलं. सरकण्याआधी ते नेहमी तसं यायचं. मग ते कोपर पुन्हा वर गेलं.

ती सरकली नाही. दोन रेषांच्या बरोबर मधून, कायद्याला धरून असलेल्या वेगाने ती चालवत राहिली. तो रस्ता वळणावळणाचा आहे, पुढच्याने वाट दिली नाही तर मागच्याला निघता येत नाही. मॅलकीमागे पोस्टमनची गाडी आली, तिच्यामागे भुसाराचा ट्रक, त्याच्यामागे शाळेची बस. सगळी रांग आमच्यामागे. सगळ्यांनी आमची गाडी ओळखली होती. हॉर्न आता एकटा मॅलकीच वाजवत नव्हता.

"हे लोक नेहमी असं करतात का?" हेशनने विचारलं.

"नाही," ब्रीज म्हणाली. "हे लोक चांगले आहेत."

शेवटी एका वळणावर, सलग पांढरी रेष ओलांडून मॅलकी पुढे घुसला. समोरून दुधाचा टँकर आला. टँकरवाल्याने कर्कश ब्रेक मारले, मॅलकी कसाबसा आमच्यापुढे शिरला आणि काचेतून हात बाहेर काढून बोट दाखवलं. ब्रीजने हळूच वेग कमी केला आणि त्याला जागा दिली. स्टिअरिंग तिच्या हातात जराही हललं नाही. हेशनने जीपचा नंबर लिहून घेतला.

तालुक्याला पोहोचल्यावर तो म्हणाला, "एवढ्या त्रासातही तुम्ही आपली लेन क्षणभर सोडली नाहीत. अर्ध्या वयाच्या माणसांनाही हे जमत नाही. मी चांगलाच शेरा देणार आहे, आणि त्या जीपवाल्याबद्दल सार्जंटला कळवणार आहे."

"आभारी आहे," ब्रीज म्हणाली. तिचा चेहरा मात्र कोणी मेल्यासारखा झाला होता.

घरी आल्यावर मी केक काढला, चहा ठेवला. तिने कपाला हात लावला नाही.

"अगं, पास झालीस!"

"मागे पोस्टमन होता, ऊना. मुलांची बस होती."

"मॅलकीला धडा मिळाला."

"मॅलकी गेला खड्ड्यात. बसमधली पोरं घरी जाऊन काय सांगतील? ब्रीज मोरन बाजूला झाली नाही. वडील असते तर त्यांनी मला तिथेच खाली उतरवून चालत घरी पाठवलं असतं."

"मग सरकायचं होतंस."

"आणि तुला कुठे ठेवलं असतं मी? त्या रंगीत पुस्तिकेत?" ती उठली आणि केक परत डब्यात ठेवला. "मी आज वाईट माणसासारखी चालवत गेले, आणि लिहिलं काय, तर उत्तम."

पुढे कोणाचं काय झालं ते सांगते.

मॅलकीला दंड झाला, लायसनवर शिक्षेचे गुण पडले. त्याने ते मरेपर्यंत ब्रीजच्या नावावर मांडले. दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात त्याला झटका आला आणि तो गेला. आम्ही मयतीला गेलो, रांगेत उभ्या राहिलो, हात मिळवले. कार्मेलने ब्रीजचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "त्या रविवारी घरी येऊन तो मला म्हणाला होता, ती गाडी मलाही आवरली नाही." ब्रीज म्हणाली, "हे त्याने फाटकात सांगायला हवं होतं." आणि तिने हात सोडवून घेतला. कार्मेल आता लेकीकडे लिव्हरपूलला असते.

हेशन पुन्हा कधी दिसला नाही. ऐकलं की तो निवृत्त झाला आणि मधमाश्या पाळतो.

ब्रीजने आणखी साडेचार वर्षं गाडी चालवली. दर वेळी निघताना ती ते बटण बोटाच्या पेराने असं ठोकायची, जसं कोणाला टपली मारावी. गाडी मग ओढत नसे. पण ती पुन्हा कोणासाठी बाजूला झाली नाही. का, असं मी एकदा विचारलं. "आता सरकले तर त्यांना वाटेल, त्या दिवशी मुद्दामच केलं होतं," ती म्हणाली. लोकांनी तिला हात करणं कमी केलं. दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत ती आपल्याच खाटेवर, झोपेत गेली. मयतीला पोस्टमन आला नव्हता.

करडी गाडी एन्डाने नेली. डब्लिनमध्ये तो ती रोज चालवतो. महिन्यातून एकदा तो मला भेटायला येतो. भांडण होऊ नये असंच आम्ही दोघं बोलतो, तरी कधीकधी होतं.

नॉकरोचं घर एका ब्राझिलियन जोडप्याने घेतलं. दोघं मांसाच्या कारखान्यात काम करतात. मी तालुक्यातल्या वृद्धाश्रमात आहे, तळमजल्यावर. जेवण बरं असतं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, तिथे लोक एका जागेवरून दुपारभर भांडतात.